नसलेल्या देशाचा अधिपती : पोयाइसची कहाणी

१/ २२ जानेवारी १८२३. स्कॉटलंडच्या राजधानीलगतच्या लीथ बंदरातून ‘केनर्स्ली कॅसल’ नावाचे जहाज अटलांटिक ओलांडायला निघाले. जहाजावर सुमारे दोनशे माणसे होती. त्यांत शेतकरी होते, कारागीर होते, बायका आणि मुले होती. जवळ होते नव्हते ते पौंड देऊन अनेकांनी ‘बँक ऑफ पोयाइस’च्या करकरीत नोटा घेतल्या होत्या. नव्या देशात जमीन कुठे मिळणार, हुद्दा कोणता मिळणार, हे ठरलेले होते. फक्त तो देश पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हता.

२/ हा थ्रेड त्या नसलेल्या देशाचा आहे. जगातल्या मोठ्या लबाड्यांच्या यादीत पोयाइसची गोष्ट बहुधा गमतीने सांगितली जाते. मला तिच्यात एक गंभीर प्रश्न दिसतो. हाती सैन्य नाही, कायद्याचा अधिकार नाही, तरीही एक माणूस शेकडो कुटुंबांच्या आयुष्याची दिशा ठरवतो. ही सत्ता त्याला कुणी दिली? गोष्ट दीर्घ आहे, सवडीने वाचा.

३/ नायकाचे नाव ग्रेगर मॅकग्रेगर. जन्म १७८६, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात. सोळाव्या वर्षी, १८०३ मध्ये तो ब्रिटिश सैन्यात शिरला. त्या काळी अधिकाऱ्याचे पद पैसे मोजून विकत घेता येई, त्याच मार्गाने तो अधिकारी झाला. श्रीमंत घरातील मुलीशी विवाह केला, १८१० मध्ये सैन्य सोडले. पुढल्या वर्षी पत्नी वारली आणि सासरच्या पैशाचा आधारही गेला. तोवर त्याने स्वतःच्या नावामागे ‘सर’ ही उपाधी लावून घेतली होती. ती त्याला कुणी दिलेली नव्हती.

४/ १८१२ मध्ये तो व्हेनेझुएलात पोचला. स्पॅनिश साम्राज्याविरुद्ध तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते आणि अनुभवी युरोपीय अधिकाऱ्यांची गरज होती. त्याच वर्षी त्याने सिमोन बोलिव्हारच्या नात्यातील होसेफा हिच्याशी लग्न केले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : हा माणूस निव्वळ बोलघेवडा नव्हता. १८१६ मध्ये शत्रू पाठीवर असताना त्याने आपली तुकडी महिनाभर जंगलातून लढत लढत सुखरूप बाहेर काढली. या माघारीमुळे त्याचे नाव खरोखर झाले.

५/ पुढची पाने मात्र काळी आहेत. १८१९ मध्ये पोर्तो बेलो आणि रिओ दे ला आचा या दोन्ही मोहिमांत आपले सैनिक संकटात टाकून तो निसटला. मागे राहिलेल्यांपैकी अनेक मारले गेले किंवा कैदेत पडले. पण समुद्रापलीकडच्या बातम्या लंडनला पोचायला महिने लागत, आणि पोचल्या तरी अर्ध्यामुर्ध्या. लंडनला १८१६ चा शूर सेनापती ठाऊक होता. १८१९ चा पळपुटा फारसा कुणाला ठाऊक नव्हता.

६/ २९ एप्रिल १८२०. मध्य अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या होंडुरास-निकाराग्वा भागात, मिस्किटो लोकांचा राजा जॉर्ज फ्रेडरिक ऑगस्टस याने एका कागदावर सही केली. कागदाने मॅकग्रेगरला ८० लाख एकर जमीन दिली, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश. बदल्यात राजाला मिळाली रम आणि काही दागिने. जमीन दलदलीची, जंगलाने व्यापलेली, तापाने बदनाम. इंग्रजांची तेथे पूर्वी एक वसाहत होती, ती १७८७ मध्येच सोडून देण्यात आली होती.

७/ या कागदाने त्याला जमीन मिळाली होती, देश नव्हे. देश त्याने लंडनमध्ये बसून घडवला. १८२१ मध्ये परतल्यावर त्याने जाहीर केले की आपण ‘पोयाइसचे काझीक’ आहोत. स्पॅनिश अमेरिकेत काझीक म्हणजे स्थानिक जमातीचा प्रमुख. लंडनच्या दिवाणखान्यांत या शब्दाचा अर्थ झाला राजपुत्र. लंडनच्या महापौराने गिल्डहॉलमध्ये त्याच्या सन्मानार्थ समारंभ केला. लंडन, एडिंबरो आणि ग्लासगो येथे पोयाइसच्या जमिनीची विक्री करणारी कार्यालये उघडली.

८/ राज्याला जे जे लागते ते सर्व कागदावर सिद्ध झाले : राज्यघटना, ध्वज, सरदारक्या, ‘ग्रीन क्रॉस’ नावाचा मानसन्मान, पलटणींचे वेगवेगळे गणवेश. नोटा छापल्या गेल्या त्या बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटा कोरणाऱ्या कारागिराकडून. नोट हातात घेणाऱ्याला शंका यावी असे तिच्यात काहीच नव्हते. कागद अस्सल, छपाई अस्सल. बँक तेवढी नव्हती.

९/ १८२२ मध्ये साडेतीनशेहून अधिक पानांचा एक ग्रंथ निघाला. लेखक म्हणून ‘कॅप्टन थॉमस स्ट्रेंजवेज’ याचे नाव होते, पण असा कुणी कॅप्टन होता याला आधार नाही. सर्वसाधारण समज असा की ग्रंथ मॅकग्रेगरने स्वतः लिहिला किंवा लिहवून घेतला. वर्षाला मक्याची तीन पिके, सोन्याचे कण वाहणाऱ्या नद्या, एका दिवसाच्या शिकारीत आठवड्याचे अन्न. राजधानी सेंट जोसेफमध्ये रुंद रस्ते, घुमटाचे चर्च, नाट्यगृह आणि बँक.

१०/ या ग्रंथाची खुबी त्याच्या खरेपणात आहे! कॅरिबियन प्रदेशावरील जुन्या पुस्तकांतून वनस्पती, हवामान, लाकूड, व्यापार यांची पानेच्या पाने त्यात उतरवलेली होती. मजकुराचा मोठा भाग कुठे ना कुठे खरा होता. अशा शंभर खऱ्या तपशिलांच्या गर्दीत एक राजधानी हळूच आणून ठेवली, तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहणार कोण?

११/ पण केवळ चांगल्या छपाईने कुणी घरदार विकत नाही. ऐकणारे ऐकायला का तयार होते, हे पाहायला हवे. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेली युद्धे संपली. हजारो सैनिक आणि अधिकारी रिकामे झाले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदार कुळांना हुसकावून मेंढ्या पाळत होते. ज्याच्या पायाखालची जमीन गेली आहे, त्याला मॅकग्रेगर दोन शिलिंग तीन पेन्सला एक एकर विकत होता. हा दर कामगाराच्या साधारण एका दिवसाच्या मजुरीइतका होता.

१२/ दुसरीकडे पैसेवाल्यांची वेगळी तहान होती. सरकारी रोख्यांवरचे व्याज घटले होते. स्पेनच्या जोखडातून सुटलेले नवे देश मात्र सहा टक्क्यांनी कर्ज मागत होते. १८२२ मध्ये कोलंबिया, चिली आणि पेरू यांचे कर्जरोखे लंडनमध्ये हातोहात खपले. हे देश कुणी पाहिले होते? त्यांच्या सरकारांना ब्रिटनची मान्यताही अजून नव्हती. न पाहिलेल्या देशावर पैसा लावण्याची सवय बाजाराला आधीच जडली होती. २३ ऑक्टोबर १८२२ रोजी पोयाइसचे दोन लाख पौंडांचे कर्जरोखे त्याच रांगेत येऊन उभे राहिले. व्याज सहा टक्के.

१३/ तिसरी तहान सर्वांत खोल होती आणि ती खास स्कॉटिश होती. १६९८ मध्ये स्कॉटलंडने पनामाच्या डेरियन येथे स्वतःची वसाहत वसवण्याचा प्रयत्न केला होता. देशाच्या भांडवलाचा मोठा वाटा त्यात ओतला गेला. रोगराई, उपासमार आणि स्पॅनिश हल्ले यांत वसाहत संपली. काही वर्षांतच, १७०७ मध्ये, स्कॉटलंडची स्वतंत्र संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. डेरियन ही स्कॉटिश मनातली जुनी, न भरलेली जखम होती.

१४/ आपला एक पूर्वज डेरियनच्या वसाहतीत होता, असे मॅकग्रेगर सांगत असे. पोयाइसमध्ये स्कॉटिश लोक हवेत, कारण कष्टाळूपणा आणि धाडस त्यांच्यात आहे, असा त्याचा सूर होता. म्हणजे तो जमीन विकत होताच, पण त्याबरोबर एका पराभूत अभिमानाला दुसरी संधीही विकत होता. सव्वाशे वर्षांपूर्वी आजोबा-पणजोबांना जे जमले नाही ते तुम्ही करून दाखवाल! या वाक्यासमोर हिशेबाची वही कोण उघडणार?

१५/ आता त्याच्या हातोटीचा गाभा पाहू. मॅकग्रेगरने सर्वांना एकच स्वप्न विकले नाही. प्रत्येकाला त्याने त्याचे स्वतःचे स्वप्न, हुद्द्यासह, परत केले. एका चांभाराला ‘पोयाइसच्या राजकन्येचा अधिकृत चर्मकार’ हे पद मिळाले. कुणी बँकेचा व्यवस्थापक झाला, कुणी राष्ट्रीय नाट्यगृहाचा प्रमुख. माजी सैनिकांना तिकडच्या पलटणीत वरची पदे मिळाली. हेक्टर हॉल या माजी अधिकाऱ्याला उपराज्यपालपद, ‘बॅरन’ ही पदवी आणि १२,८०० एकरांची जहागीर मिळाली.

१६/ त्या चांभाराचा विचार करा. आपल्या गावात तो लोकांचे जोडे शिवत होता. एका भेटीत तो राजदरबारचा माणूस झाला. त्याचे कौशल्य आजवर कुणी ओळखले नव्हते, ते एका ‘राजाने’ ओळखले होते. पोयाइस खोटे आहे असे म्हणणे म्हणजे आता स्वतःचा हा नवा मोठेपणा खोटा म्हणणे. शंकेची किंमत इथेच वाढते. मॅकग्रेगरने त्यांच्या शंकांना उत्तरे दिली नाहीत. शंका घेणे त्यांनाच परवडणार नाही अशी व्यवस्था केली.

१७/ पहिले जहाज ‘होंडुरास पॅकेट’ सप्टेंबर १८२२ मध्ये सुमारे सत्तर जणांना घेऊन लंडनहून निघाले होते. दुसऱ्या जहाजाच्या निरोपाला काझीक स्वतः लीथच्या धक्क्यावर आले. वसाहतीसाठी स्कॉटलंडहून निघणारे हे पहिलेच जहाज, म्हणून स्त्रिया आणि मुले यांचे भाडे माफ, अशी घोषणा त्यांनी केली. जयजयकार झाला. पुढे काय झाले हे माहीत असणाऱ्या आपल्याला त्या औदार्याचा अर्थ कळतो : त्या घोषणेने अधिक कुटुंबे मृत्यूच्या वाटेला लागली.

१८/ मार्च १८२३ मध्ये ‘केनर्स्ली कॅसल’ ठरल्या जागी पोचले. बंदर नव्हते. घुमट नव्हता. किनाऱ्यावर पहिल्या जहाजातली माणसे तंबूंत आणि झोपड्यांत राहत होती, त्यांचे जहाज वादळात निघून गेले होते. आतल्या जंगलात जुन्या वसाहतीचे काही भग्नावशेष होते. तरीही अनेकांना वाटत राहिले की काहीतरी चुकले आहे, आपण चुकीच्या जागी उतरलो आहोत, खरे सेंट जोसेफ इथेच कुठेतरी असेल.

१९/ एप्रिलमध्ये पाऊस सुरू झाला आणि त्यामागून ताप. मलेरिया आणि पिवळा ताप यांनी तळ आडवा केला. राजकन्येच्या त्या चांभाराने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जेम्स हेस्टी नावाचा लाकूड कापणारा कारागीर पत्नी आणि तीन मुलांसह आला होता, त्याची दोन मुले गेली. हॉल मदतीसाठी मिस्किटो राजाकडे गेला. त्या राजाने सांगितले की काझीक ही पदवी आपण दिलेली नाही आणि जमीन विकण्याचा अधिकारही दिलेला नाही. त्याने ते दानपत्रच रद्द केले.

२०/ मे महिन्यात ब्रिटिश होंडुरासचे, म्हणजे आजच्या बेलीझचे, ‘मेक्सिकन ईगल’ हे जहाज तेथे पोचले. पोयाइस नावाचा देश अस्तित्वात नाही, हे त्या जहाजावरच्या अधिकाऱ्याने त्यांना स्पष्ट सांगितले. वाचलेल्यांना टप्प्याटप्प्याने बेलीझला हलवण्यात आले. दोन्ही जहाजांनी आलेल्या सुमारे २५० जणांपैकी किमान १८० दगावले. ब्रिटनला परतलेल्यांची संख्या पन्नासही भरली नाही. बेलीझहून इशारा गेला नसता तर मृतांचा आकडा आणखी वाढला असता, कारण मागून आणखी पाच जहाजे निघाली होती. ती नौदलाने परत फिरवली.

२१/ आता या कहाणीतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. १२ ऑक्टोबर १८२३ रोजी वाचलेली माणसे लंडनच्या बंदरात उतरली. वर्तमानपत्रांनी मॅकग्रेगरवर झोड उठवली. आणि या माणसांपैकी काहींनी काय केले? प्रतिज्ञापत्र करून त्यांनी मॅकग्रेगरला निर्दोष ठरवले. दोष हॉलचा, दोष सोबतच्या अधिकाऱ्यांचा, काझीकांचा नाही. सही करणाऱ्यांत हेस्टी होता. दोन मुले गमावलेला बाप!

२२/ हा मूर्खपणा म्हणून सोडून देता येत नाही. हेस्टीच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. सर्व दोष हॉलचा असेल तर एक चांगली योजना वाईट माणसांनी बिघडवली, एवढेच घडले. पण काझीक लबाड असेल तर? तर मग आपण, बाप म्हणून, आपल्या मुलांचा हात धरून त्यांना एका थापेत घेऊन गेलो. हे वाक्य मनात उच्चारून जगणे किती जणांना जमेल? ज्या इच्छेच्या बळावर मॅकग्रेगरने त्यांना जहाजावर चढवले, तीच इच्छा आता त्याची वकिली करत होती.

२३/ मॅकग्रेगर तोवर पॅरिसला गेला होता. तेथे त्याने हाच खेळ फ्रेंच लोकांशी मांडला. यावेळी पोयाइस प्रजासत्ताक झाले आणि १८२५ मध्ये तीन लाख पौंडांचे नवे कर्ज काढण्याचा घाट घातला गेला. सरकारी कारकुनांच्या लक्षात आले की लोक एका अनोळखी देशासाठी पारपत्रे मागत आहेत. जहाज अडवले गेले, मॅकग्रेगर तुरुंगात गेला, खटला चालला आणि जुलै १८२६ मध्ये तो निर्दोष सुटला. शिक्षा त्याच्या एका साथीदाराला झाली.

२४/ पुढेही वर्षानुवर्षे तो पोयाइसचे कागद विकत राहिला, पण गिऱ्हाईक आटले. १८३८ मध्ये तो व्हेनेझुएलाला परतला. जुन्या सेवेबद्दल त्याला सेनापतीचा हुद्दा आणि निवृत्तिवेतन मिळाले. ४ डिसेंबर १८४५ रोजी काराकासमध्ये तो वारला आणि लष्करी इतमामात त्याचे दफन झाले. गोष्टींत शेवटी न्याय होतो. इतिहासात तो होईलच असे नाही.

२५/ सत्ता म्हटले की आपल्याला तलवार, खजिना, किल्ला, फर्मान आठवते. मॅकग्रेगरकडे यांतले काही नव्हते. माणसाला ‘तू आहेस त्याहून मोठा आहेस, आणि मला ते दिसते’ एवढे सांगणे त्याला येत होते. भीती दाखवून मिळवलेल्या सत्तेचा लोकांना राग येतो आणि संधी मिळताच ते उलटतात. इच्छा जागवून मिळवलेल्या सत्तेचे मात्र पीडितच रक्षण करतात. लीथच्या धक्क्यावरून प्रतिज्ञापत्रापर्यंतचा प्रवास हेच सांगतो.

२६/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या प्रकरणातली एक गोष्ट अस्वस्थ करते. स्ट्रेंजवेजचा ग्रंथ, नकाशा, नोट, राज्यघटना : ही सर्व ‘समकालीन साधने’ आहेत. आपण ज्याला पुरावा म्हणतो त्याचे रूप त्यांना हुबेहूब आहे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींची कठोर चिकित्सा केली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता. जुने आहे, रसाळ आहे, आपल्या मनासारखे आहे, म्हणून ते खरे ठरत नाही.

२७/ आणि इथे आपण सर्वजण, मी धरून, थोडे अडचणीत येतो. आपल्या गावाचा, आडनावाचा, घराण्याचा पराक्रम सांगणारा एखादा पिवळट कागद मोबाइलवर येतो. तारीख जुळत नाही, भाषा त्या काळाची वाटत नाही, मूळ कुठे आहे ते कुणी सांगत नाही. तरीही बोट ‘शेअर’कडे जाते, कारण त्या कागदात आपल्यासाठी एक हुद्दा राखून ठेवलेला असतो. ‘राजकन्येचा अधिकृत चर्मकार’ हे पद आजही वाटले जाते, नाव तेवढे बदलते.

२८/ म्हणून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे. जो कागद वाचून मला राग येतो, त्याची मी एकदा तपासणी करते. जो कागद वाचून माझी छाती फुगते, त्याची दोनदा. कंटाळवाणे काम आहे आणि अनेकदा हाती निराशा येते. पण त्या अडीचशे माणसांपैकी पुरेशा लोकांनी निघण्याआधी एकच प्रश्न विचारला असता, की सेंट जोसेफहून परत आलेला एक तरी माणूस मला भेटवा, तर ती जहाजे बहुधा रिकामीच उभी राहिली असती.

२९/ पोयाइसच्या नोटा आज संग्राहकांकडे आहेत. नक्षी अजूनही सुंदर दिसते. कुठे त्यांचे छायाचित्र पाहिलेत तर त्या काझीकाआधी तीन मुलांना घेऊन जहाजावर चढणाऱ्या हेस्टीला आठवा. तो लोभी नव्हता, वेडाही नव्हता. त्याला फक्त थोडे बरे जगायचे होते. थ्रेड इथे संपला. चुका आढळल्या तर जरूर दाखवा, आधारासह.